घोड्याच्या पोटाखाली आधी बघ

अगं ठमे, आधी तो ब्रश खाली ठेव.

फोटो बघितले तुझे, मोठे करकरून बघितले. गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बूटसेलमध्ये घासाघीस करून मोडक्या घोडेस्वारांचं खोकं उचललंस, त्याबद्दल पाठ थोपटते. पण फोटोखाली लिहिलंयस, 'आज रात्रीच लाल रंगाचा पहिला हात देते', ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. रंग कुठे पळून चाललाय? आधी एकेक घोडा उलटा धर आणि त्याच्या पोटाखाली बघ. भिंग घे, खिडकीपाशी जा, नीट बघ.

तिथे बारीक उठावाची अक्षरं सापडली, त्यात ब्रिटन हे नाव आणि कॉपीराइट हा शब्द दिसला, तर घोडा लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीचा. सोबत एखादी तारीखही असेल. ती वाचून हुरळू नकोस. ती त्या नमुन्याच्या हक्काची तारीख असते, घोडा ओतल्याची नव्हे. एकदा नमुना जमला की कंपनी तो वर्षानुवर्षं ओतत राहायची. अगदी सुरुवातीच्या घोड्यांचं पोट कोरंच असतं. ते ओळखायला डोळा मुरावा लागतो, तोवर मला फोटो पाठवत जा. असे सगळे घोडे बाजूला काढ. त्यांना रंग लावायचा नाही. पोपडे उडालेले असोत, स्वाराच्या नाकावर नुसतं शिसं दिसत असो, तरी नाही.

'मग दुरुस्ती कसली करायची?' असं तू म्हणणार. पैशाची बाजू आधी सांगते, कारण ती तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. मूळ रंगातला स्वार, रंग निम्मा उडालेला असला तरी, लिलावात चांगल्या भावाने जातो. तोच कुणी हौसेने चकाचक रंगवला की त्याला मोडीचा भाव. जाणते लोक खोक्यात हात घालतात, ताजा रंग दिसला की परत टाकतात. पण मला खुपतं ते वेगळंच.

१८९३ च्या आधी इंग्लंडमधल्या मुलांचे शिपाई बहुतेक जर्मनीहून यायचे, थोडे फ्रान्सहून. ड्रेस्डेनच्या हाइडेचे, काही पॅरिसचे. भरीव, जड आणि महाग. ब्रिटन हे उत्तर लंडनमध्ये यांत्रिक खेळणी करणारं कुटुंब. त्यांच्यातल्या मुलाने, म्हणजे धाकट्या विल्यमने, एक युक्ती बसवली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, कडेचा पातळ थर गोठला रे गोठला की साचा उलटा करून आतला धातू परत भांड्यात. शिपाई बाहेरून अख्खा, आतून पोकळ. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली, आणि एका शिलिंगाला पेटी मिळू लागली. पहिली पेटी निघाली ती लाइफ गार्ड्सच्या घोडेस्वारांची. पायदळाचे आठ असायचे, घोडेस्वार पाच. उंची ५४ मिलिमीटर ठेवली, कारण त्या वेळच्या गेज वन खेळण्यातल्या आगगाडीशेजारी उभे केले की ते बरोबर दिसायचे. तेच माप आज या छंदाचं माप होऊन बसलंय.

आणि हे सगळे रंगवले कुणी? बायकांनी, ठमे. हॉर्न्सी राइजला लॅम्बटन रोडवर त्यांचा कारखाना होता, पुढे वॉल्थमस्टोलाही एक झाला. रंगकाम हातानेच व्हायचं आणि ते करणाऱ्या बहुतांश बायका. काहीजणी काम घरी नेऊन करायच्या. खेळणं मुलग्यांचं, विषय लढाईचा, पेटीवर नाव मालकाचं. ब्रश मात्र हिचा. तुझ्या खोक्यातला एखादा स्वार डोळ्यांशी धर. खांद्यावरून आडवा उतरणारा पांढरा पट्टा बघ. तो एका झटक्यात ओढलेला आहे. सुरुवातीला जाड, कमरेशी येता येता बारीक, शेवटी ब्रश उचलल्याची जरा शेपटी. दुसरा स्वार घे, तोच पट्टा, पण शेपटी वेगळ्या बाजूला. गालावरची गुलाबी टिकली एकाची नीट बसलीय, दुसऱ्याची कानाकडे सरकलीय, कारण दुसऱ्याच्या वेळी ती बाई दमली असेल, नाहीतर शेजारणीशी बोलत असेल. त्या झटक्यावर तू आज रात्री हंब्रोलचा लाल फासणार होतीस. म्हणून पोटात गोळा आला.

आता खोक्याचे ढीग कर. मूळ रंगाचे एकीकडे. ज्यांचा रंग पार गेलाय, किंवा कुणा पोराने वर स्वतःची रंगपंचमी केलीय, ते दुसरीकडे. आणि तिसरा ढीग नव्या ओतीवांचा. फोटोत मला निदान काही तरी तसे दिसतायत. हातात घेतलेस की कळेल, ते भरीव असतात, म्हणून मुठीत जड लागतात. १९६६ मध्ये ब्रिटनने पोकळ शिशाचं काम थांबवलं आणि पुढे सगळं प्लॅस्टिककडे गेलं. मग १९७० च्या दशकात इथल्या, इंग्लंडमधल्या, छोट्या छोट्या कारागिरांनी त्याच जुन्या धाटणीचे, तसेच चकचकीत शिपाई पांढऱ्या मिश्रधातूत ओतायला घेतले. जुन्याची नक्कल म्हणून नव्हे, जुन्या पद्धतीचे नवे म्हणून. तुझा हात बसवायला तिसरा ढीग उत्तम. दुसऱ्या ढिगावर नंतर ये. पहिल्याला फक्त मोडतोडीपुरता हात लावायचा.

मोडतोड म्हणजे मुख्यतः मुंडकी. सगळ्या जुन्या खोक्यांत धडाविना मुंडकी आणि मुंडक्याविना धडं असतातच. पोकळ ओतकामात मान हाच नाजूक भाग. त्यात खेळही तसे. एच. जी. वेल्सचं 'लिटल वॉर्स' हे १९१३ चं पुस्तक ठाऊक आहे ना? 'टाइम मशीन'वाल्या या गृहस्थाने जमिनीवर पालथं पडून शिपायांच्या लढाया खेळायचे रीतसर नियम लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटायची आणि शिपाई खरोखर आडवे व्हायचे. मजा म्हणजे पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात त्याने मुलग्यांना बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंत आमंत्रण दिलंय, आणि मुलींपैकी फक्त जरा जास्त हुशार असलेल्यांना. म्हणजे आपल्याला! मेहेरबानी त्याची.

तर मुंडकं. यावरचा उपाय त्या काळच्या पोरांनीच शोधलेला आहे आणि आजही त्याहून चांगला नाही: काडेपेटीतली काडी. गुल काढून टाक. काडी चाकूने तासून मानेच्या भोकात सैलसर जाईल इतकी बारीक कर. आधी धडात किती खोल जाते ते बघ, मग मुंडक्यात किती जाते ते बघ, आणि बेरजेपेक्षा कणभर आखूड काप. लांब राहिली तर मानेत फट राहते आणि स्वार जिराफ दिसतो. चिकटवायला सुपरग्लू घेऊ नकोस. तो क्षणात धरतो आणि तोंड डावीकडे फिरवायचं राहून जातं. अरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद घे, टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच. मुंडकं बसव, घोड्याच्या कानांमधून स्वाराची नजर सरळ जाते का बघ, आणि रात्रभर हात लावू नकोस. बाहेर ओघळलेला गोंद ओला असतानाच काडीने टिपायचा. सांध्यावर रंगाचा ठिपकाही नको. सांधा दिसला तर दिसू दे, तोही त्याचा इतिहास आहे.

घोड्याचा पाय तुटला असेल तर काम वाढतं. दोन्ही तुकड्यांना हातड्रिलने बारीक भोक पाडायचं, मध्ये पितळी तारेचा तुकडा घालायचा, मग गोंद. भोकं समोरासमोर आणणं हीच त्यातली मेख. एका टोकाला तारेचा अगदी छोटा खुंट काढून त्यावर ओला रंग लाव, दुसरा तुकडा त्यावर टेकव, जिथे डाग उमटेल तिथे भोक. पायच हरवला असेल तर ब्रिटनच्या मापाचे सुटे पाय, हात, तुरे, मुंडकी ओतून विकणारे लोक इथे आहेत, मी तुला दुवा देते. वाकलेली तलवार किंवा पाय सरळ करायचा मोह आवर. जुना मिश्रधातू ठिसूळ असतो, वाकलेला टिकतो, सरळ करताना तुटतो. अगदीच राहवलं नाही तर रोज किंचित. आणि स्वाराचा उजवा हात खांद्यापाशी फिरतो तो तसाच फिरता ठेव, गोंदाने जाम करू नकोस. मुलांना तलवार वरखाली करता यावी म्हणूनच तो तसा केलेला आहे.

आता जरा रागावून बोलते, ऐकून घे. हे शिसं आहे. जुन्या रंगातही शिसं असतं. शिसं शरीरात जातं ते मुख्यतः तोंडावाटे आणि धुळीवाटे. म्हणून कोरडा पॉलिशकागद बंद, खरवडणं बंद. घासायचंच असेल तर पाण्यात भिजवून, आणि खालचा कागद गुंडाळून थेट कचऱ्यात. काम जेवणाच्या टेबलावर करायचं नाही, चहाचा कप शेजारी ठेवायचा नाही, आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची तुझी ती चित्रकलेच्या तासाची सवय आजपासून सुटली म्हणून समज. हात साबणाने धुवायचे, नखांतूनसुद्धा. घरी शिसं वितळवून ओतायचं खूळ डोक्यात आलंच, तर निदान स्वयंपाकघरात नाही.

आणि एक खासगी. मावशीने मला सांगितलंय, तुम्ही दोघं पुढच्या वर्षी बाळाचा विचार करताय म्हणून. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. म्हणून सांगते: वरची मुंडकी-पाय जोडायची कृती शिकून ठेव, पण आत्तापासूनच जुन्या शिशाचं काम मला दे. पोटातल्या बाळापर्यंत शिसं पोचतं, यात हयगय नको. विकणाऱ्याला विचारून, शिसं नसलेल्या धातूचे नवे ओतीव घे आणि त्यांच्यावर खुशाल रंगकाम कर. खिडकी उघडी ठेवून, आणि पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक रंगांनी. त्यांच्यावर चकचकीत व्हार्निशचा हात दिला की काम भागतं. टर्पेंटाइनचा वासही मग नको. पुढे मूल रांगायला लागलं की जुने सगळे कुलपात. ही खेळणी आहेत खरी, पण आता मुलांची नाहीत.

काहींच्या पायाशी पांढरी भुकटी दिसतेय फोटोत. ती धूळ नाही. इथे तिला लेड रॉट म्हणतात, शिशाची वाळवीच समज. ओल आणि आम्लाची वाफ मिळाली की शिसं पांढरं होऊन भुगा होत जातं. आम्लाची वाफ येते कुठून? ओकच्या कपाटातून, नव्या प्लायवुडमधून, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. म्हणजे लोक ज्या शानदार ओकच्या शोकेसमध्ये शिपाई मांडतात, तीच त्यांना खाते. तुझं ते पुठ्ठ्याचं खोकंही उद्याच बदल. काच आणि धातूचं कपाट चांगलं, नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि आम्लमुक्त टिश्यूकागद. भुकटी आलेले वेगळे ठेव, मी हातमोजे घालून ओल्या कापसाने टिपून घेईन, तू फुंकर मारू नकोस.

आणि ऐक, तुझा हात आपोआप चिंचेकडे जाईल. पितळेची समई, तांब्याचा गडू, सगळं आपण चिंच नाहीतर लिंबू लावून लखलखीत केलेलं. इथे ते औषध विष आहे. जुन्या काळी चित्रकारांसाठी पांढरा रंग करताना शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत महिनोन्महिने ठेवून मुद्दाम पांढरे करायचे. तू चिंच लावलीस तर तेच घरबसल्या होईल.

तिसऱ्या ढिगातल्या नव्या ओतीवांवर कुणी अॅक्रिलिक फासलं असेल तर ते उतरवायला इथले छंदी लोक डेटॉल वापरतात. हसू नकोस, खरंच. झाकणाच्या बरणीत डेटॉलमध्ये दिवसभर बुडवून ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. फक्त लगेच पाण्याखाली धरायचं नाही, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट गाळ होतो आणि मग तो कशाने निघत नाही. आधी डेटॉलनेच धू, पुसून घे, मग साबण-पाणी.

चला, आता रंग. इतका वेळ थांबवलं म्हणून वैतागली असशील.

तुझा हात चांगला आहे, आणि तीच मला भीती आहे. तू चेहऱ्यावर सावल्या काढशील, घोड्याच्या पोटऱ्यांवर स्नायू काढशील, बुटांवर चिखल उडवशील. हुबेहूब लष्करी मूर्ती करणाऱ्यांचा तो वेगळा पंथ, आणि त्यात थोर लोक आहेत. आपण खेळणं करतोय. लाल म्हणजे एकच लाल, पांढरा म्हणजे एकच पांढरा, आणि सगळ्यावर लखलखीत चकाकी. त्या कारखान्यातल्या बाईने जेवढं केलं त्याच्यापुढे जायचं नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठव: डोळ्यांचे दोन ठिपके, मिशीची एक रेघ, आणि तरी प्रत्येकजण लढायला निघालेला. तेवढंच हवं.

आधी साबणाने धुऊन, वाळवून, राखाडी किंवा पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात. लाल, पिवळा यायचा असेल तर पांढराच बरा. घोडा आणि स्वार वेगळे होत असतील तर वेगळेच रंगव, बाटलीच्या बुचावर चिकटमातीने बसवून, म्हणजे बोटं लागत नाहीत. सध्या अॅक्रिलिकच, पण पुढे कधी हंब्रोलच्या १४ मिलिलिटरच्या एनॅमल डब्या घेतल्यास तर १९ नंबर लाल, २१ काळा, २२ पांढरा, हे तीन चकचकीत, आणि चेहऱ्याला ६१. डबी हलवून भागत नाही, काडीने तळापर्यंत ढवळ. ब्रशवरून थेंब आपणहून ओघळेल इतका पातळ कर आणि जाड एका हाताऐवजी पातळ दोन हात दे. मध्ये रात्र जाऊ दे. एनॅमल वरून वाळलेलं दिसतं आणि आतून ओलं असतं, तिथेच उतावळ्यांची बोटं उमटतात.

एक स्वार पूर्ण करून दुसरा घ्यायचा नाही. पाचही ओळीने उभे कर. सगळ्यांचे चेहरे, मग सगळ्यांचे लाल डगले, मग सगळ्यांचे पांढरे पट्टे, मग रुपेरी चिलखतं आणि शिरस्त्राणं, शेवटी खालची हिरवळ. कारखान्यात असंच चालायचं, आणि त्यात शहाणपण आहे. तिसऱ्या पट्ट्याला मनगट सैल होतं आणि चौथा आपणच झटक्यात उतरतो. पट्ट्यासाठी श्वास सोडून ब्रश ओढ, श्वास रोखून नको. डोळ्यांना ब्रश घेऊच नकोस, दातकोरणीचं टोक काळ्यात बुडवून टेकव. आधी एका बाजूचे पाचही डोळे, मग दुसऱ्या बाजूचे. मी स्वाराला उलटा, डोकं खाली करून धरते. चेहरा ओळखीचा दिसेनासा होतो आणि ठिपके एका रेषेत येतात. डोळ्यांचा पांढरा भाग, पापण्या काही काढायचं नाही, नाहीतर बिचारे भूत बघितल्यासारखे दिसतात. हनुवटीच्या साखळीची एक बारीक सोनेरी रेघ मात्र ओढ, लाइफ गार्ड्सचा सगळा रुबाब त्या रेघेत आहे.

कुठल्या पलटणीला काय, ते पुस्तकात बघण्याआधी एकदा व्हाइटहॉलला जा. हॉर्स गार्ड्सच्या दाराशी दोन घोडेस्वार खरेच उभे असतात, आणि बघायला तिकीट नाही. लाल डगला आणि पांढरा तुरा म्हणजे लाइफ गार्ड्स. निळा डगला आणि लाल तुरा म्हणजे ब्लूज अँड रॉयल्स. हे नाव १९६९ चं, त्या साली दोन पलटणी एक केल्या. तुझ्या खोक्यातले निळे त्याआधीचे, म्हणजे नुसते रॉयल हॉर्स गार्ड्स. पहिल्यांच्या खोगिरावर पांढरं लोकरी कातडं, दुसऱ्यांच्या काळं. थंडीत गेलीस तर डगले झग्याखाली झाकलेले असतील, पण झगेही तसेच, लाल आणि निळे. घोडे काळे, तुतारीवाल्याचा मात्र करडा. आणि लाइफ गार्ड्सचा नालबंद एकटाच निळ्या डगल्यात, काळ्या तुऱ्याचा, हातात कुऱ्हाड घेतलेला. असा एखादा तुझ्या खोक्यात असला तर कुणीतरी चुकून रंगवलाय असं समजून त्याला लाल करून टाकू नकोस.

तुझ्या फोटोतले ते पिवळे दोघे मात्र माझे लाडके. पिवळा अंगरखा आणि भाला बघून मी इथे खुर्चीतून उठले. रूप तरी स्किनर्स हॉर्सचं दिसतंय. ब्रिटनने हिंदुस्थानी रिसाल्यांच्या पेट्या सुरुवातीच्या वर्षांतच काढल्या होत्या, बंगाल लान्सर्स, मद्रास कॅव्हलरी, आपले बॉम्बे लान्सर्ससुद्धा. या स्किनर्सवाल्यांना त्यांच्या रंगावरूनच पिवळे म्हणून ओळखायचे. ज्याने १८०३ मध्ये हा रिसाला उभा केला तो जेम्स स्किनर आधी कुणाकडे चाकरीला होता माहितीय? शिंद्यांकडे. इंग्रज-मराठे युद्ध पेटलं तेव्हा शिंद्यांच्या फौजेतून तो बाहेर पडला आणि कंपनीकडे गेला. म्हणजे लंडनच्या कारखान्यात रंगवलेल्या त्या इंचभर अंगरख्याचा धागा ग्वाल्हेरपर्यंत जातो.

तू विचारलंयस ना, 'साहेबाच्या राज्याचे शिपाई आपण कशाला जपायचे?' प्रश्न रास्त आहे. मलाही या पेट्या बघताना दर वेळी गंमत वाटतेच असं नाही. अख्खं साम्राज्य पुठ्ठ्याच्या लाल पेटीत बसवून पोरांच्या हाती दिलेलं, आणि त्यात आपली माणसं दुसऱ्याच्या झेंड्याखाली. पण ती झाकून काय होणार? माझ्या कपाटात लाइफ गार्ड्स आणि पिवळे एकाच फळीवर उभे आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी शिंद्यांपासून सुरुवात करून ऐकवते. चहा गार होतो त्यांचा.

जावईबापू म्हणाले म्हणे, 'या वयात खेळणी?' त्यांना सांग, १८२६ मध्ये पॅट्रिक ब्रॉन्टे नावाच्या पाद्र्याने लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. बहिणींनी त्यातला एकेक उचलला, शार्लटने आपल्याला वेलिंग्टन नाव दिलं, आणि त्या शिपायांच्या गोष्टी लिहीत लिहीत ती पोरं मोठी झाली. पुढे 'जेन एअर' कुणी लिहिलं ते त्यांना माहीत असेल. आणि चर्चिलकडे दीडेक हजार शिपाई होते, तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. एवढ्यावरही गप्प बसले नाहीत तर एक ओतीव आणि ब्रश त्यांच्या हातात दे. रविवार जाईल त्यांचा.

एक शेवटचं काम, कंटाळा करू नकोस. नवा रंगवलेला प्रत्येक स्वार वाळला की घोड्याच्या पोटाखाली बारीक सुईने तुझी आद्याक्षरं आणि साल कोरायचं. जुन्या धाटणीचं काम तुझ्या हातून इतकं चांगलं उतरेल की कुणी तरी ते जुनं म्हणून विकेल. तू नाही विकणार, पण तुझ्याकडून घेणारा विकेल, असले लोक बाजारात आहेत. आणि दोघे-तिघे बघून गेले की लगेच सुरू होईल, 'अय्या, किती छान, मला एक दे ना करून.' ऑफिसमधले विचारतील, वरची शेजारीण विचारेल, मावशी तर पुण्यातल्या अख्ख्या भिशीला कबूल करून बसेल. फुकट कुणालाही द्यायचा नाही. धातूचे, रंगाचे आणि वेळेचे पैसे सांगायचे, तोंड वर करून सांगायचे. मी सोडून. माझे दोन बंगाल लान्सर कधीचे भाल्यावाचून बसलेत, तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि पितळी तार मी आणून ठेवलीय. भाले तू कर, शिशाला हात मी लावते.